गांधीनगरची अखेरची फेरी

बुद्धिबळाच्या इतिहासात थोरामोठ्यांच्या लढतींची नोंद ठळक अक्षरांत होते. मुलांच्या डावांना बहुधा समासातच जागा मिळते. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९५१ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे सुरू झाली, पण मुलींच्या स्वतंत्र अजिंक्यपदासाठी १९८२ साल उजाडावे लागले. विश्वनाथन आनंद यांनी १९८७ मध्ये फिलिपीन्समधील बागियो येथे मुलांचे अजिंक्यपद भारतात आणले. मुलींमध्ये कोनेरू हंपी (२००१), द्रोणवल्ली हारिका (२००८) आणि पुण्याहून खेळणाऱ्या सौम्या स्वामीनाथन (२००९) यांनी तो मान मिळविला. पुढे पंधरा वर्षे मात्र तो भारताकडे आला नाही.

जून २०२४ मध्ये ही स्पर्धा गुजरातेत, गांधीनगर येथे भरली. अकरा फेऱ्या, स्विस पद्धत. म्हणजे जो जिंकत जाईल त्याची गाठ जिंकणाऱ्याशीच पडणार. दहा फेऱ्यांअखेर नागपूरची अठरा वर्षांची दिव्या देशमुख हिचे नऊ गुण झाले होते, तर आर्मेनियाची मरियम म्क्रत्च्यान साडेआठ गुणांवर अगदी पाठीशी उभी होती. अखेरच्या फेरीत दिव्यासमोर बल्गेरियाची बेलोस्लावा क्रस्तेवा आली. आघाडीवर असलेला खेळाडू अशा वेळी बरोबरीचा अर्धा गुण पदरात पाडून घेण्याचा विचार करतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्या दिवशी तेवढ्यावर दोघींचे गुण समान झाले असते, कारण म्क्रत्च्याननेही आपला डाव जिंकला. दिव्याने क्रस्तेवावर विजय मिळविला आणि दहा विरुद्ध साडेनऊ अशा फरकाने, एकही डाव न गमावता, ती अजिंक्य ठरली.

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना या वार्तेने खाडिलकर भगिनींची आठवण व्हावी, हे साहजिकच होते. १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. पटाजवळ बसू देण्यासाठीच तो झगडा होता, डाव त्यानंतरचा.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दिव्यासमोर हंपी बसल्या. हंपी कुमार गटात जगज्जेत्या झाल्या तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही तसाच. दुसरा दिव्याने जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही तिच्या नावे झाला.