तिस्तेच्या पुरांत टिकलेला पूल

१/ ऑक्टोबर १९६८. दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या डोंगरांत पाऊस अखंड कोसळत होता; दरडींमागून दरडी तिस्तेच्या पात्रात येत होत्या. ४ ऑक्टोबरच्या रात्री नदी जलपाईगुडी शहरात शिरली आणि शेकडो माणसे दगावली. त्याच पुरात तिस्ता बाजारजवळचा अँडरसन पूल वाहून गेला. त्याच्या खालच्या अंगाला, सेवोकचा कोरोनेशन पूल मात्र उभा राहिला.

२/ योगायोग असा की, दोन्ही पुलांशी एकाच माणसाचे नाव निगडित होते. बंगालचे गव्हर्नर सर जॉन अँडरसन यांच्या नावाचा पूल १९३३ सालचा. सेवोकच्या पुलाची कोनशिलाही १९३७ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. त्या वर्षी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, म्हणून नाव ‘कोरोनेशन’. स्थानिक लोक प्रवेशापाशी असलेल्या वाघांच्या पुतळ्यांवरून त्याला ‘बाघ पूल’ म्हणतात.

३/ आराखडा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दार्जिलिंग विभागाचे अभियंता जॉन चेंबर्स यांचा. बांधकाम मुंबईच्या जे. सी. गॅमन कंपनीचे, गेटवे ऑफ इंडियाच्या पायाच्या कामाशीही गॅमन यांचेच नाव जोडलेले आहे. १९४१ मध्ये पूल पुरा झाला.

४/ तो टिकला कसा? पुरात पुलाचा घात बहुधा खालून होतो. वेगवान पाणी खांबांभोवतीची वाळू खरवडून नेते आणि पाया उघडा पडतो. वाहत आलेले ओंडके खांबांना अडकतात आणि तुंबलेल्या पाण्याचा रेटा पुलावर येतो. सेवोकला तिस्ता इतकी खोल आणि वेगवान की, पात्रात खांब उभारणेच शक्य नव्हते. म्हणून प्रबलित काँक्रीटची कमान पात्रावरून टाकून तिची दोन्ही टोके काठांवरील खडकात रोवली गेली. बांधताना जी अडचण होती, तीच पुढे पुलाचे संरक्षण ठरली.

५/ १९५० च्या पुराने तिस्ता खोऱ्यातील रेल्वेमार्ग कायमचा संपवला, पूल राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटले, चुंगथांगचे धरण उद्ध्वस्त झाले. तेव्हाही पूल राहिला.

६/ तथापि नदीने जे केले नाही, ते काळ करीत आहे. सप्टेंबर २०११ च्या सिक्कीम भूकंपानंतर पुलाला तडे गेले आणि जड वाहनांवर निर्बंध आले. डुअर्सकडे जाणाऱ्या या वाटेवर पर्यायी पुलाची मागणी त्यानंतर वाढत गेली. तो झाला, तर या जुन्या कमानीवरचा भार खऱ्या अर्थाने हलका होईल.