कलाशिक्षकाचे शिक्षण (भंडारा जिल्हा)

शाळेत चित्रकला व तत्सम कलाविषय शिकविण्याची पात्रता देणारे शिक्षण म्हणजे कलाशिक्षकाचे शिक्षण होय. महाराष्ट्रात ही पात्रता प्रामुख्याने दोन मार्गांनी मिळते. कला संचालनालयाच्या नियंत्रणाखालील पदविका हा जुना व रुळलेला मार्ग आहे, तर विद्यापीठाची ललितकला पदवी हा दुसरा. भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे दुसरा मार्ग निवडणाऱ्या येथील विद्यार्थ्याला बहुधा सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते.

पूर्वपीठिका

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेची स्थापना १८५७ मध्ये झाली. तेथे चित्रकला शिक्षक घडविणारा वर्ग १८९३ पासून सुरू झाला. ब्रिटिश अमदानीतील या शिक्षणाचा भर हातवळणावर, भूमितीवर आणि नमुन्याच्या हुबेहूब प्रतिकृतीवर होता. कारागिरांच्या हाताला शिस्त लागावी हा त्यामागील हेतू होता. मुलाने स्वतःच्या मनातले काढावे ही अपेक्षा त्यात फारशी नव्हती. 'ड्रॉइंग मास्तर' हा शब्द याच परंपरेतून आला व खेड्यापाड्यांत तो अजूनही रूढ आहे.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाड आणि पुढे जुने मध्य प्रदेश राज्य असा त्याचा प्रवास झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हापासून जिल्ह्यातील कलाशिक्षण मुंबईच्या प्रशासकीय चौकटीशी जोडले गेले. १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले.

विदर्भाला आणखी एक, वेगळ्या विचाराची परंपरा लाभली आहे आणि तिची दखल कलाशिक्षणाच्या चर्चेत फार कमी घेतली जाते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले. तेथील शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुलांना कला शिकविली. मुलाची अभिव्यक्ती हाच शिक्षणाचा पाया, ही त्यांची भूमिका. 'शिक्षा का वाहन : कला' हे त्यांचे हिंदी पुस्तक कलाशिक्षकाने वाचावे असे आहे. मुंबईची परीक्षाकेंद्री पद्धत आणि सेवाग्रामची मूलकेंद्री पद्धत यांतील अंतर आजही वर्गात जाणवते.

प्रवेशापूर्वीची पायरी

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट, या क्षेत्राचा उंबरठा आहेत. वस्तुचित्र वा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, तसेच भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय असतात आणि निकाल अ, ब, क अशा श्रेणींत लागतो. पदविकेच्या प्रवेशासाठी इंटरमिजिएट उत्तीर्ण असणे आवश्यक मानले जाते. दहावीच्या निकालात या परीक्षेचे वाढीव गुण मिळत असल्याने परीक्षार्थींची संख्या मोठी असते. त्यांतील अल्प विद्यार्थीच पुढे कलेकडे वळतात. ज्या शाळेत कलाशिक्षक नाही, तेथील मुलाला या परीक्षेची तयारी करणे कठीण जाते. पर्यायाने कलाशिक्षक होण्याची वाटही त्याच्यासाठी तेथेच अरुंद होते.

पदविका व पदवी

कलाशिक्षक पदविका (ए.टी.डी.) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. रेखाटन, रंगकाम, संकल्पन, हस्तकला व कलेचा इतिहास यांबरोबर अध्यापनपद्धती आणि शाळेतील सरावपाठ त्यात असतात. पाठाचे टाचण काढणे, फळ्यावर झटपट रेखाटन करणे, चाळीस मुलांना एकाच वेळी कामाला लावणे ही कौशल्ये सरावपाठांतूनच येतात. उत्तम चित्रकार उत्तम शिक्षक असतोच असे नाही, ही गोष्ट पदविकेच्या रचनेत गृहीत धरलेली आहे.

विद्यापीठीय मार्गात ललितकला पदवी (बी.एफ.ए.) चार वर्षांची असते. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय या विद्यापीठाशी संलग्न आहे. पदवीत चित्रकाराची तयारी सखोल होते, परंतु अध्यापनशास्त्र स्वतंत्रपणे शिकावे लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत दृश्यकला व प्रयोगकला यांसाठी दोन वर्षांच्या कलाशिक्षण पदविकांची तरतूद आहे. त्याच नव्या आराखड्यात बी.एड.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी 'शिक्षणातील नाट्य व कला' हा घटक आला. मात्र गणिताच्या शिक्षकाला कलेची तोंडओळख होणे आणि शाळेत कलाशिक्षक असणे या दोन गोष्टींत गल्लत होऊ नये.

स्थानिक सामग्री

जिल्ह्यातील प्रशिक्षणार्थ्याला सरावपाठासाठी उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. कोरीव शिल्पे असलेल्या तेथील दगडी कठड्याच्या अवशेषांत मुचलिंद नागाचे प्रसिद्ध शिल्प आहे. कलेच्या इतिहासात सांची व भारहुत शिकविताना पवनीचे नाव घेतले, तर मुलांना तो इतिहास आपल्या अंगणातला वाटतो. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. घडा, परात, तांब्या यांच्या वळणदार आकारांवर वस्तुचित्राचा पाठ सहज घेता येतो आणि धातूवरील चकाकी व प्रतिबिंब रंगविणे ही प्रौढ विद्यार्थ्याचीही कसोटी असते. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोसा विणकाम संकल्पचित्राला किनार-पदराचे नमुने पुरविते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवितात. झाडीपट्टी नाटकांचे रंगविलेले पडदे हे तर यथार्थदर्शनाचे खुले पाठ्यपुस्तकच म्हणावे लागेल.

शाळेतील स्थान व नोकरी

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे अशी शिफारस केली. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी 'खेळू, करू, शिकू' आणि नववी-दहावीसाठी 'स्वविकास व कलारसास्वाद' ही पुस्तके काढली. विषय कागदोपत्री आहे. प्रश्न पदांचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या शाळेत पटसंख्या शंभरांहून अधिक असेल तरच कलाशिक्षणासाठी निदेशक द्यावयाचा असतो, तोही अंशकालीन. ग्रामीण भागातील कमी पटाच्या शाळा या तरतुदीच्या बाहेर राहतात. माध्यमिक शाळांतही संचमान्यतेत पद टिकविण्यासाठी तासिकांचा कार्यभार पुरेसा भरावा लागतो. तो भरला नाही, तर चित्रकलेचा तास भाषेच्या वा समाजशास्त्राच्या शिक्षकाकडे जातो आणि बहुतेक वेळा राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करण्यात संपतो.

केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांत कलाशिक्षकाची स्वतंत्र पदे असतात, परंतु त्यांची पात्रता वेगळी असते. केंद्रीय विद्यालयांच्या पदांसाठी चित्रकलेची दीर्घ मुदतीची पदविका वा समकक्ष पदवी लागते. त्यामुळे अभ्यासक्रम निवडतानाच राज्याच्या अनुदानित शाळा की केंद्राच्या शाळा, हे ठरविणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. नोकरी न मिळालेले पदविकाधारक फलकलेखन, मूर्तिकाम, रंगमंच-सजावट किंवा रेखाकला परीक्षांचे खासगी वर्ग यांकडे वळतात.