मालोजीराजांची वंशावळ

कुळाचा शोध घेऊं म्हणणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते कीं, वंशावळ हातीं आली म्हणजे अर्धें काम आटोपलें. वस्तुतः खऱ्या कामाला तेथूनच आरंभ होतो. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांच्यासारख्या सर्वपरिचित पुरुषाचें चरित्र घेतलें तरी याचा प्रत्यय येतो.

मालोजीराजे वेरूळचे, निजामशाहीच्या पदरचे सरदार, फलटणच्या निंबाळकरांचे आप्त. विठोजी हे त्यांचे बंधु, शहाजी व शरीफजी हे पुत्र. आणि शेवट इंदापूरच्या लढाईंत. एवढ्यावर फारसा वाद नाहीं. पुढें मात्र पावलोपावलीं अडखळावें लागतें. पत्नीचें नांव परमानंदाच्या शिवभारतांत उमा, तर बखरींत दीपाबाई. दोन स्त्रिया, कीं एक माहेरचें व एक सासरचें अशीं एकीचींच दोन नांवें? लग्नांत नांव बदलण्याची आपली चाल लक्षांत घेतां मला दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पण तर्क तो तर्कच. शहाजीराजांचा जन्म कोणी 1594 चा धरतात, कोणी 1602 चा. आठ वर्षांचें हें अंतर क्षुल्लक नव्हे. बाप रणांत पडला तेव्हां मुलगा मांडीवरचा होता, कीं घोड्यावर मांड टाकण्याजोगा झाला होता, याचा निवाडा त्यावर अवलंबून आहे.

अशा वेळीं सरळ ओळ सोडून आडव्या शाखेकडे वळावें. शिवभारतकार विठोजीच्या आठ पुत्रांचीं नांवें देतो. हा ग्रंथ तंजावरास मिळालेल्या पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं 1927 सालीं प्रसिद्ध केला. त्या आठांपैकीं खेळोजी, मालोजी व परसोजी हे चुलतबंधु मोगलांच्या चाकरींत शिरले, आणि त्यामुळें त्यांची नोंद शाहजहानच्या दरबारीं लिहिलेल्या फार्सी तवारिखांतही सांपडते. परमानंद हा शिवाजीमहाराजांचा आश्रित, तवारीखकार बादशहाचा चाकर. एकमेकांची भीड धरण्याचें दोघांनाही कारण नव्हतें. तरीही जेथें दोघे एका नांवावर येतात, तेथें संशोधकानें निःशंक पाय रोवावा.

मालोजीराजांचे वडील बाबाजी. त्यांच्या वरच्या पिढ्यांची गोष्ट निराळी. 1674 च्या राज्याभिषेकाच्या प्रसंगीं चितोडच्या सिसोदियांशीं असलेल्या संबंधाला महत्त्व आलें. पुढें 1803 सालीं सरफोजीराजांनीं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठींत कोरविला. दगडावर कोरलें म्हणून तें समकालीन होत नाहीं. मालोजीराजांना जाऊन तेव्हां सुमारें दोनशें वर्षें लोटलीं होतीं.

सामान्य घराण्यांचीही हीच कथा. वतनाच्या तंट्यांत हजर केलेले महजर व करीने यांत वंशावळ असते, पण ती हक्क शाबीत करण्यापुरती: भांडणारी शाखा ठळक, निपुत्रिक चुलता गाळलेला, मुलींचा तर पत्ताच नसतो. त्या मानानें नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मला अधिक विश्वासार्ह वाटतात. यात्रेकरूनें तेथें आपलें गांव, बाप, आजा, बंधु यांचीं नांवें लिहिलीं, तीं फिर्याद जिंकण्यासाठीं नव्हेत. अक्षर वांकडें, शाई पुसट, मोडी लपेटीची. चार पानें वाचतां डोळे शिणतात. पण एखाद्या आजोबांच्या नांवाखालीं सोबत आलेल्या विधवा बहिणीचें नांव अवचित दिसतें, आणि घरच्या वंशावळींत जी कधींच नव्हती ती बाई कुळांत परत येते.