समूह तालवादन, शालेय

समूह तालवादन, शालेय : निरनिराळ्या तालवाद्यांवर एकमेकांत गुंफलेले बोल मुलांनी एकत्र वाजवण्याची संगीतशिक्षणातील पद्धती. एकल वादनात सगळा ताल एकाच्या हातात असतो. येथे तो गटात वाटलेला असतो. प्रत्येकाचा वाटा सोपा असतो, पण शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय तो जागेवर पडत नाही. पद्धतीचे शैक्षणिक मूल्य मुख्यतः या वाटणीत आहे.

स्वरूप : घानातील एवे लोकांचे आग्बाद्झा हे नृत्यवादन याचे ठळक उदाहरण होय. त्यात गांकोगुई ही लोखंडी जोडघंटा 12 सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात 7 ठोके देते. अहात्से हा मण्यांची जाळी चढवलेला भोपळ्याचा खुळखुळा तिला धरून चालतो. कागानू हा लहान ढोल चढ्या आवाजात एक छोटा बोल घोळवत राहतो. सोगो हा प्रमुख ढोल बोल बदलतो आणि किदी त्याला उत्तर देतो. अशा रचनेत नवखे मूल खुळखुळा घेऊन पहिल्याच तासाला सामील होऊ शकते आणि तयारीचे मूल प्रमुख ढोल सांभाळते. एकाच वर्गात दोघांनाही काम मिळते. बोल आधी तोंडाने म्हणायचे, टाळीवर धरायचे, मग वाद्यावर उतरवायचे, असा क्रम असतो. तबल्याची तालीमही पढंतीच्या आधाराने होत असल्याने मराठी विद्यार्थ्याला ही रीत परकी नाही.

इतिहास : जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी 1924 मध्ये म्यूनिक येथे स्थापन झालेल्या ग्युंटर शाळेत ताल, हालचाल व उच्चार यांची सांगड घालणारे शिक्षण सुरू केले. गुनिल्ड केटमान यांच्या साहाय्याने ते विकसित झाले आणि 1948 पासून बव्हेरियन रेडिओवरील कार्यक्रमांतून मुलांपर्यंत पोहोचले. अमेरिकेत 1967 च्या टँगलवूड परिसंवादाने सर्व काळांतील व संस्कृतींतील संगीताला अभ्यासक्रमात स्थान असावे, असे जाहीर केले. त्यामुळे पाश्चात्त्य अभिजात संगीतापलीकडील वादनपरंपरांना शाळेत वाट मिळाली.

काही देशांनी आपलीच परंपरा वर्गात आणली. जपानमध्ये 2002 पासून कनिष्ठ माध्यमिक शाळेत किमान एक पारंपरिक जपानी वाद्य हाताळणे अभ्यासक्रमाचा भाग झाले. कोतो, शामिसेन यांप्रमाणे ताइको ढोलही त्यासाठी घेतला जातो. त्रिनिदादमध्ये ब्रिटिश सत्तेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातडी ढोलांवर निर्बंध घातले. तेथील लोकांनी आधी बांबू आपटून व पुढे पत्र्याचे डबे, पिंपे ठोकून ताल टिकवला आणि त्यातून स्टीलपॅन घडले. ते 1992 मध्ये राष्ट्रीय वाद्य ठरले. आज ते शाळांतही शिकवले जाते.

महाराष्ट्र : हलगी किंवा ढोलाच्या ठेक्यावरील लेझीम येथील शाळांत दीर्घकाळ आहे, मात्र ते बहुधा संगीताच्या नव्हे, तर कवायतीच्या तासाला येते. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांची ढोल-ताशा पथके प्रसिद्ध आहेत. पथकात ताशा पुढे होऊन चाल देतो, ढोल ठोका धरतात आणि झांजा लय राखतात. म्हणजे कामाची वाटणी येथेही तीच आहे.

परिणाम : लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील किर्शनर व टोमासेलो यांच्या 2009 मधील प्रयोगांत अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांनी यंत्रापेक्षा माणसाच्या जोडीने वाजवताना लय अधिक नेमकी पकडली. त्यांच्याच 2010 च्या अभ्यासात एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली चार वर्षांची मुले नंतर एकमेकांना अधिक मदत करताना दिसली. लॉस एंजेलिसमधील 2011 च्या एका अभ्यासात अल्पउत्पन्न कुटुंबांतील पाचवीच्या मुलांच्या भावनिक व सामाजिक वर्तनात 12 आठवड्यांच्या समूहवादनानंतर सुधारणा नोंदली गेली. हे मोजमाप मात्र शिक्षकांच्या नोंदींवर आधारलेले होते. या निष्कर्षांवरून गणित वा भाषेतील गुण वाढतात, असे म्हणता येत नाही. एकत्र लय धरताना मूल दुसऱ्याकडे लक्ष देते आणि त्याचा परिणाम वागण्यावर दिसतो, एवढेच त्यांतून सूचित होते.

मर्यादा : बंद खोलीतील मोठा आवाज कानांना अपायकारक ठरू शकतो, म्हणून मोकळी जागा, लहान गट व मधली विश्रांती आवश्यक असते. दुसरा प्रश्न परंपरेच्या मानाचा आहे. क्यूबातील सान्तेरिया पंथाचे अभिषिक्त बाटा ढोल दीक्षितांनीच वाजवायचे असतात. अशी वाद्ये व त्यांचे विधी वर्गातल्या खेळासाठी उचलणे अनुचित ठरते. एका तासाला आफ्रिका, पुढच्या तासाला जपान अशी धावती फेरी मारल्यास हाती केवळ ठेके उरतात. त्याऐवजी एखादी परंपरा तिची गाणी, नृत्य व प्रसंगांसह वर्षभर शिकवली, तर घंटा का बदलत नाही आणि प्रमुख ढोलाने कधी बदलायचे, हे मुलांना वाजवता वाजवता उमगते.