गवताच्या कुळातला पडदा

मे महिन्यात सकाळचे दहा वाजले की आजी ओसरीवर यायची आणि खुंटीला गुंडाळलेली दोरी सोडायची. वर वळकटी करून बांधलेला चिक खडखडत खाली उतरायचा. त्याच्या पाठीला शिवलेल्या हिरव्या कापडातून जेवढा उजेड गाळून येईल, तेवढाच मग दिवसभर घराच्या वाट्याला. विदर्भातलं ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत तो वर जात नसे. हल्ली एका शहरी दुकानात तोच पडदा ‘इको-फ्रेंडली बांबू ब्लाइंड’ या नावाने चौरस फुटाच्या भावाने विकायला दिसला. आजीला हे सांगितलं असतं तर तिने आधी भाव विचारला असता आणि मग नुसतं हसली असती.

‘चिक’ या शब्दाचा खरवसाच्या चिकाशी किंवा रुईच्या चिकाशी काही संबंध नाही. कोशकार त्याचं मूळ तुर्की भाषांत सांगतात. कैची, तोफ, बेगम हे शब्द जिथून आले, तिथलाच हाही. मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर ‘चिय’ नावाचं उंच, ताठ काडीचं गवत उगवतं. किरगिझ आणि कझाक लोक त्याच्या काड्या शेजारी शेजारी बांधून त्यांची लांबच लांब चटई करतात. तिलाही चियच म्हणतात. त्यांचा गोल तंबू म्हणजे लाकडी जाळीचा सांगाडा आणि वरून लोकरीच्या नमद्याचं पांघरूण. या दोहोंच्या मधे चिय उभी असते. उन्हाळ्यात खालचा नमदा वर उचलला की वारा काड्यांच्या फटींतून आत येतो, आणि जनावरं व धूळ बाहेर राहतात. तंबूतला स्वयंपाकाचा कोपराही चियनेच आडोसा करून वेगळा काढतात.

ती विणायची रीत बघण्यासारखी आहे. दोन खुंटांवर एक आडवी काठी ठेवायची. तिच्यावरून दोऱ्याच्या जोड्या दोन्ही बाजूंना सोडायच्या आणि दर दोऱ्याच्या टोकाला दगड बांधायचा. काठीवर एक काडी ठेवली की पुढचा दगड मागे, मागचा पुढे. काडी दोऱ्याच्या तिढ्यात अडकते. मग दुसरी काडी, पुन्हा दगडांची अदलाबदल. माग नाही, धोटा नाही, खिळा तर नाहीच. उत्तर हिंदुस्थानात रस्त्याकडेला चिक विणणारे कारागीर आजही याच रीतीने बसलेले दिसतात, फक्त दगडाच्या जागी विटेचा तुकडा असतो.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की चिक मोगलांनी आणला. नाव त्यांच्या वाटेने आलं असावं, हे मान्य. पण काड्यांचा आडोसा आपल्याकडे त्याच्या आधीपासून होता आणि त्याला मराठीत स्वतःचं नाव होतं: ताटी. तेराव्या शतकातल्या मुक्ताबाईच्या नावावर असलेले ताटीचे अभंग कुणाला ठाऊक नाहीत? जगाच्या बोलण्याने खिन्न झालेले ज्ञानेश्वर कोपीचं दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने त्यांची समजूत घातली, अशी ती कथा. ते दार फळ्यांचं किंवा कडीकोयंड्याचं नव्हतं. ती ताटी होती, म्हणजे काड्या-कामट्यांचं झापड. मोगलांचं राज्य इथे सुरू झालं ते पानिपतच्या पहिल्या लढाईने, आणि ती १५२६ ची. तिच्या दोनअडीचशे वर्षं आधी मराठी माणसाच्या दारात ताटी होती. फरक एवढाच की ताटी ताठ असते, ती सरकवावी किंवा उचलून बाजूला ठेवावी लागते. चिक गुंडाळता येतो. माझं मत विचाराल तर आपल्या ताटीने तुर्की चियकडून ही गुंडाळण्याची युक्ती उचलली आणि सोबत नावही घेतलं.

गुंडाळीची ही सोय दरबाराला फारच मानवली. मोगल लघुचित्रांत महालाच्या कमानींवर गुंडाळून बांधलेले पडदे दिसतात. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आमच्या दर्शनी भागात छत आणि पडदे ताणायच्या कड्या आहेत. आज आपण ज्या उघड्याबोडक्या कमानींचे फोटो काढतो, त्या तशा उघड्या राहण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या.

इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. सुरतेच्या घरांबद्दल तो लिहितो की इथे काच महाग आणि सहसा मिळत नाही, म्हणून खिडक्यांना दुघडी दारं असतात आणि त्यांवर चिक किंवा जाळ्या. शब्द त्याने ‘चीक’ असाच कानाने टिपला आहे. काचेची उणीव चिक भरून काढत होता, असं त्याच्या लिहिण्यातून वाटतं. मला ते उलटं दिसतं. या हवेत काचेची गरजच नव्हती. काच उजेडाबरोबर ऊन आत घेते आणि वारा बाहेर ठेवते, चिक नेमकं याच्या उलट करतो.

चिकाचा आणखी एक गुण जनान्याने हेरला. दिवसा आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. यात जादू नाही. बाहेर उजेड दांडगा, आत मंद, आणि डोळा उजळ बाजूच पाहतो. रात्री आत दिवा लागला की हिशेब उलटतो. जुन्या घरांत दिवेलागणीला चिकामागे कापडी पडदा ओढायची पद्धत होती ती म्हणूनच.

चिकाचं सख्खं भावंड म्हणजे वाळ्याची ताटी. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळांची जाळी करून तिच्यावर पाणी शिंपडण्याची युक्ती अकबराच्या नावावर मांडली आहे. दरबारी लेखकाने श्रेय द्यायचं तर ते बादशहालाच द्यावं लागतं, हे लक्षात घेऊन वाचावं. युक्ती मात्र खरी आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या झळांत ताटी ओली केली की खोली गार होते आणि वास येतो तो वेगळाच. कोकणात हाच प्रयोग केलात तर भिंतींना बुरशी तेवढी येईल. हवेतच पाणी भरलेलं असताना आणखी वाफ जाणार कुठे?

आपल्याकडे चिक विणतो बुरूड. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, बांबूच्या टोपल्या विणणारा मेदार केतय्या होता, बुरूड समाज त्याला आपला संत मानतो. पुण्यात बुरूड आळी आहे, गावोगावी बुरूडवाडे आहेत. सुपं, रोवळ्या, कणग्या, करंड्या, डोक्यावरची इरली आणि तिरडीचा बांबूसुद्धा त्याच दारातून यायचा. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, कामट्या काढायच्या, पाठीची हिरवी साल आणि आतला मऊ गर वेगळा करायचा. चिकाला सालीकडची काडी लागते. ती पाणी पीत नाही आणि लवकर कुजत नाही. गराची काडी लावून दिलेला चिक दोन पावसाळ्यांत खाली भुगा सांडू लागतो, कारण बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगेरे तुटून पडतात. म्हणून जाणते बुरूड बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे.

आता गंमत पाहा. चिय हे गवत, वाळा हे गवत, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबूही गवतच. तिघांचं कूळ एक. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवलं. गवताचं झाड झालं आणि त्याबरोबर बुरुडाचा कच्चा माल वनखात्याच्या मुठीत गेला. तोडायला परवानगी, वाहून न्यायला पास. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, तरी कागद हलायला आणखी काही वर्षं गेली. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःच्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक पास देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. २०१७ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे आपल्या बांधावरचा बांबू पुन्हा गवत व्हायला नव्वद वर्षं लागली. तोवर कितीतरी बुरुडांची पोरं वॉचमनच्या नोकरीला लागली होती.

मधल्या काळात खिडकीवर वेगळाच अंधार येऊन गेला. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी तावदानांना काळे कागद चिकटवले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवले. ‘ब्लॅकआउट’ हा शब्द घराघरांत पोचला तो असा भीतीच्या रूपाने. आज त्याच शब्दाने झोपेच्या खोलीचा पडदा विकला जातो. त्या पडद्यात पॉलिएस्टरच्या कापडावर मागून लेप दिलेले असतात. काही प्रकारांत दोन पांढऱ्या थरांमध्ये एक काळा असतो. उजेड ठार बंद होतो, हे कबूल केलंच पाहिजे. एकटा चिक तेवढा अंधार करू शकत नाही, त्याला जाड सुती अस्तर लागतं. पण कापड आणि लेप एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे पडदा जुना झाला की त्यातलं काहीच सुटं करून पुन्हा वापरता येत नाही. शिवाय तो खिडकीच्या आत लटकतो. ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते.

चिकाच्या नावाखाली नायलॉनचा दोरा, चकचकीत रासायनिक रोगण आणि परदेशी माल खपवणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा घेताना उलटा करून पाहा. दोरा सुती हवा, काडी सालीची हवी आणि वास रंगाचा नको. जमलं तर जवळच्या बुरुडाकडून करून घ्या, खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर मोठं माप द्या, मागे जाड मांजरपाट शिवा आणि काचेच्या बाहेरच्या अंगाला टांगा.