गोळी लागणे आणि लागू पडणे

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्णे हे गाव लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या परिसरातील पुष्कळशी जमीन ओलिताखाली आली. तरीही पाणी पोहोचले नाही तेथे, कडबनवाडीसारख्या माळरानांवर, कुसळी गवत डुलते आणि चिंकारा व लांडगा आजही तग धरून आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही या गावी एका वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो असता त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक रिकामे पितळी काडतूस काढून आमच्या हातावर ठेवले. त्याच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे होती. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ही खूण.

त्या काडतुसाची हकिगत अशी. स्वातंत्र्यापूर्वी, हे गृहस्थ लहान असताना, कोणी एक पाहुणे शिकारी माळावर आले. त्यांची गोळी चिंकाऱ्याच्या पोटातून आरपार गेली, पण जनावर पडले नाही. हाकाऱ्यांनी सांजेपर्यंत रक्ताचा माग काढला. अंधार पडल्यावर शिकारी निघून गेले. तिसऱ्या दिवशी गुराख्यांना ते जनावर ओढ्यात सापडले, तेव्हा त्याच्यात अजून धुगधुगी होती. "फादर, गोळी लागली होती, पण लागू पडली नव्हती," एवढेच म्हणून ते थांबले.

औषधाविषयी आपण जे बोलतो, तेच त्यांनी गोळीविषयी म्हटले. या एका वाक्याने आम्हाला शिकारी गोळीच्या इतिहासाकडे वळवले. आम्ही शिकारी नाही आणि शिकारीची भलावण करण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु लागणे आणि लागू पडणे यांतील अंतर कमी करण्यासाठी माणसाने दीडशे वर्षे केलेली खटपट विचार करण्याजोगी आहे, असे आम्हाला वाटते.

ठासणीच्या बंदुकीतून शिशाची वाटोळी गोळी उडत असे. शिसे मऊ असल्याने अंगात शिरताच ती चेपटी होऊन रुंद घाव करी. मात्र काळ्या दारूचा जोर बेताचा. म्हणून मोठ्या श्वापदासाठी गोळीचे आकारमान वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सातपुड्याची राने पालथी घालणारे कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि मोठ्या वाटोळ्या गोळीचा पुरस्कार केला. पुढे 'एक्सप्रेस' रायफली आल्या. त्यांची गोळी हलकी, वेगवान आणि टोकाशी पोकळ असे. हरणावर तिचे काम चोख होई, पण वाघाच्या खांद्याच्या हाडावर आदळली की ती फुटून जाई. जखम वरवरची राही आणि चवताळलेला वाघ झाडीत शिरे. सर सॅम्युअल बेकर यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात या गोळीवर कडक टीका केली. त्यांच्या मते भरीव शिशाची गोळी आत रुंद व्हावी, तिचे तुकडे होऊ नयेत आणि पलीकडच्या कातडीखाली ती अखंड सापडावी. चांगल्या गोळीची ही कसोटी आजही फारशी बदललेली नाही.

त्याच सुमारास धूर न करणारी दारू निघाली आणि गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांवर गेला. एवढ्या वेगात नुसते शिसे नळीच्या पेचांना धरून राहीना. म्हणून त्यावर कठीण धातूचे आवरण चढवण्यात आले. थ्री-नॉट-थ्री रायफलीची अशी गोळी २१५ ग्रेन, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम वजनाची होती. ती न चेपता आरपार जाई. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत ही गोळी शत्रूला थोपवीत नाही, अशी सैनिकांची तक्रार आली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. ही गोळी अंगात शिरताच अळिंबीच्या छत्रीसारखी उमले. 'डमडम' हे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले ते तेव्हापासून.

२९ जुलै १८९९ रोजी हेग येथील परिषदेने उमलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. ब्रिटनने हे बंधन १९०७ मध्ये स्वीकारले. परंतु याच रचनेची गोळी शिकारीत मात्र चांगली गणली गेली. वाचकहो, ही विसंगती वाटेल, पण तिच्यात एक अर्थ आहे. जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणीतरी असते, त्याचा घाव भरून यावा अशी आशा असते. जखमी सांबराला वैद्य नाही. त्याच्या बाबतीत शिकाऱ्याच्या हाती एकच दया उरते आणि ती म्हणजे तत्काळ मरण.

हत्ती व गवा यांच्यासाठी मात्र उमलणारी गोळी कुचकामी ठरली. तेथे जाड आवरणाची, न चेपणारी भरीव गोळीच आतवर पोहोचे. १८९८ साली आलेल्या ०.४५० इंची रिग्बी रायफलीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची होती. आफ्रिकेत वॉल्टर बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटरच्या लहान भरीव गोळीने. हत्तीच्या मेंदूची नेमकी जागा त्यांनी अभ्यासली होती. गोळी कितीही मोठी असली तरी चुकीच्या जागी बसल्यास व्यर्थ, हा त्यांच्या अनुभवाचा सारांश. हत्तींच्या त्या संहाराचे कौतुक मात्र आज कोणी करू नये.

न लागू पडलेल्या गोळीची किंमत कोण मोजतो? चंपावतच्या वाघिणीच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी तिला मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. ती जुन्या गोळीची इजा होती आणि तिच्यामुळेच नेहमीचे भक्ष्य मारणे वाघिणीला अशक्य झाले, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. कोणा अज्ञात शिकाऱ्याने चाप ओढला आणि तो घरी गेला. त्याचे फळ भोगले ते गवत कापायला आणि लाकूडफाटा आणायला रानात गेलेल्या गरीब स्त्रियांनी. या कामगिरीबद्दल कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल बेल यांच्याच ७ मिलिमीटर काडतुसाची होती.

संशोधन पुढेही चालू राहिले. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची गोळी चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या प्रचंड सांबरावर निकामी ठरली. त्यांनी गोळीच्या मध्यभागी धातूचा आडवा पडदा ठेवला. पुढचा भाग उमले, मागचा अखंड राहून आत जाई. १९४८ पासून ही गोळी विकली जाऊ लागली. पुढे निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. शिशाचे कण मृत जनावरात राहून ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. गोळीचा परिणाम जनावर पडल्यावरही संपत नाही, हे ध्यानात यायला इतका काळ लागला.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाऱ्याला अभय दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकारही संपवली. १९९७ साली बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले, ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही प्राण्यांना निष्कारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. निर्दोष गोळीचा शोध माणसाने कसोशीने घेतला, हे खरे. परंतु जी कधीच वाया जात नाही अशी गोळी अजून कोणाला घडवता आलेली नाही.

निघताना आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, हे काडतूस इतकी वर्षे कशासाठी जपले? ते म्हणाले, "त्या दिवशी माग मीही सोडला होता, फादर. अंधार झाला म्हणून." आणि त्यांनी ते जपून पेटीत ठेवले.