तुटलेली तार : आलान स्तिवेल आणि ब्रिटनीची हार्प

युरोपच्या नकाशात फ्रान्सचा जो भाग पश्चिमेकडे अटलांटिक महासागरात नाकासारखा पुढे आलेला दिसतो, तो ब्रिटनी प्रांत होय. येथील जुनी भाषा ब्रेटन. ती फ्रेंचची बोली नव्हे. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास ब्रिटन बेटावरून केल्टिक वंशाचे लोक समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आले आणि येथेच वसले. त्यांनी बरोबर आणलेल्या भाषेतून ब्रेटन घडली. वेल्स प्रांताची वेल्श ही तिची बहीण. म्हणजे ब्रेटन लोक मुळात स्थलांतरितच. परमुलखात जाऊन तेथलेच झालेल्या, पण घरातली भाषा शतकानुशतके जपलेल्या या लोकांची कथा आमच्या वाचकांस परकी वाटू नये. त्या कथेतील एका गायक-वादकाचे चरित्र आज मांडण्याचा विचार आहे. त्याचे नाव आलान स्तिवेल.

स्तिवेलचे कार्य समजून घ्यावयाचे तर ब्रिटनीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहावा लागतो. १५३२ मध्ये ब्रिटनीचे स्वतंत्र संस्थान फ्रान्सच्या राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या वेळी मान्य झालेले प्रांताचे विशेष अधिकार १७८९ च्या राज्यक्रांतीत संपुष्टात आले. ‘एक राष्ट्र, एक भाषा’ हे नव्या प्रजासत्ताकाचे धोरण ठरले आणि प्रांतिक भाषांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. ही सुधारणा मोठीच; परंतु शिक्षणाची भाषा फ्रेंच होती. शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एक खूण, बहुधा लाकडी बूट किंवा तत्सम वस्तू, अडकवली जाई. त्या मुलाने दुसऱ्या कोणास ब्रेटन बोलताना पकडले की ती खूण त्याच्या गळ्यात जाई. संध्याकाळी जो ती धारण करून असेल त्यास शिक्षा होई. मुलांनाच मुलांचे पहारेकरी करणारी ही पद्धत विसाव्या शतकातही काही ठिकाणी चालू होती.

आमची हयात शासकीय सेवेत गेली. शासनाच्या आदेशाची शक्ती किती आणि मर्यादा किती, याचा विचार त्यामुळे साहजिकच मनात येतो. आदेशाने एखादी भाषा शाळेतून व कचेरीतून घालवता येते. परंतु ब्रिटनीत खरे काम केले ते आदेशाने नव्हे, लाजेने. ब्रेटन ही शेतकऱ्यांची, कोळ्यांची, मागासलेल्यांची भाषा, हे मुलांच्या मनावर बिंबले. तीच मुले मोठी झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मुलांशी फ्रेंच बोलण्यास आरंभ केला. त्यात भर पडली दुसऱ्या महायुद्धाची. ब्रेटन राष्ट्रवाद्यांपैकी काहींनी जर्मन आक्रमकांशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे १९४५ नंतर ब्रेटन भाषेचे नाव काढणाऱ्या निरपराध माणसांकडेही बोट दाखवले जाऊ लागले. अशा काळात उघडपणे करता येण्यासारखे एक कार्य उरले, ते म्हणजे संगीत.

आलानचा जन्म ६ जानेवारी १९४४ रोजी मध्य फ्रान्समधील रियों या गावी झाला. त्याचे मूळ आडनाव कोशवलू. बालपण गेले पॅरिसमध्ये. वडील जॉर्ज कोशवलू, ब्रेटन रूपात ‘जोर्द’, यांचे घराणे ब्रिटनीतील गुरँ या गावचे. आई लिथुआनियातून आलेल्या ज्यू वंशातील. जोर्द अर्थमंत्रालयात नोकरीस होते. व्यवसायाने ते वाद्यकार नव्हते. परंतु ब्रिटनीची हरवलेली हार्प पुन्हा घडवावयाची, हा ध्यास त्यांनी घेतला होता.

येथे हार्पविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लाकडी त्रिकोणी चौकटीत उभ्या ताणलेल्या तारा, प्रत्येक तारेचा एक स्वर आणि दोन्ही हातांच्या बोटांनी वादन, असे हे वाद्य आहे. आपल्याकडील प्राचीन वीणा याच जातीची, धनुष्याकार होती. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर तो जी वीणा वाजवताना दिसतो, ती आजची वीणा नव्हे, तर हार्पच्या कुळातील आहे. ते वाद्य आपल्याकडून लुप्त झाले आणि शिल्पांत व नाण्यांवर तेवढे उरले. ब्रिटनीतही असेच घडले. मध्ययुगात सरदारांच्या दरबारी तेथे हार्प वाजत असे. पुढे ती नाहीशी झाली. आयर्लंडमध्ये ती अधिक काळ टिकली. १७९२ साली बेलफास्ट येथे उरल्यासुरल्या वृद्ध वादकांचा मेळावा भरला आणि एडवर्ड बंटिंग या तरुणाने त्यांच्या चिजा टिपून घेतल्या. ब्रिटनीला असा बंटिंग वेळेवर लाभला नाही. तेथील लोकगीते टिपली गेली, १८३९ मध्ये ‘बार्झाझ ब्रेझ’ हा त्यांचा प्रसिद्ध संग्रहही निघाला; परंतु हार्पची परंपरा त्यापूर्वीच खंडित झाली होती.

जोर्द कोशवलू यांनी जुनी चित्रे पाहिली, आयर्लंड-स्कॉटलंडच्या हार्पांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये आपली पहिली हार्प पूर्ण केली. ब्रेटन भाषेत हार्पला ‘तेलेन’ म्हणतात. नऊ वर्षांचा आलान तिच्याकडे ओढला गेला. दनीझ मेजवाँ या नामांकित वादिकेने त्यास शिकवण्यास घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या ब्रिटनी-भवनात त्याचे पहिले वादन झाले. १९५७ मध्ये तो ऑलिंपिया या पॅरिसच्या विख्यात नाट्यगृहाच्या रंगमंचावर गेला, तेव्हा तेरा वर्षांचा होता.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा मुलगा ब्रिटनीत राहत नव्हता आणि ब्रेटन ही त्याची घरातली बोली नव्हती. ती तो पुढे प्रयत्नाने शिकला. पॅरिसमधील स्थलांतरित ब्रेटन कुटुंबांनी ‘ब्लेमोर’ नावाचे बालवीर पथक चालवले होते. ‘ब्लेमोर’, म्हणजे समुद्री लांडगा, हे पहिल्या महायुद्धात १९१७ साली कामी आलेल्या यान-बेर कालोख या ब्रेटन कवीचे टोपणनाव. या पथकाचा वाद्यवृंदही होता. त्यात आलान बोंबार्ड व बॅगपाइप शिकला. बोंबार्ड हे आपल्या सनईच्या जातीचे, पण अधिक कर्कश वाद्य; बॅगपाइप म्हणजे मशकबीन. पुढे तो वृंदाचा प्रमुख झाला आणि १९६६ मध्ये या वृंदाने ब्रिटनीच्या स्पर्धेत पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवले. मूळ भूमीतील वृंदांना परगावच्या मुलांनी मागे टाकले, हे विशेषच म्हटले पाहिजे.

याच सुमारास तो केवळ वादक न राहता गाऊ लागला आणि त्याने ‘स्तिवेल’ हे नाव घेतले. ब्रेटनमध्ये ‘स्तिवेल’ म्हणजे झरा. कोशवलू हे आडनाव ‘जुने झरे’ या अर्थाच्या ब्रेटन शब्दांचे फ्रेंच वळण आहे. आडनावावरचा फ्रेंच थर काढून त्याने आतला झरा मोकळा केला, असेच म्हणावे लागेल.

१९७१ मध्ये ‘केल्टिक हार्पचे पुनरुज्जीवन’ अशा अर्थाच्या नावाची त्याची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. समुद्राच्या लाटांच्या आवाजाने ती सुरू होते आणि पहिली रचना आहे समुद्रात बुडालेल्या ‘ईस’ या दंतकथेतील नगरीवर. तीत ब्रिटनीबरोबर आयर्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील सुरावटी आहेत. पाँकालेक या सरदाराच्या मृत्यूचे गीतही आहे. राजाच्या करांविरुद्ध कट केल्याबद्दल १७२० मध्ये नाँत शहरी त्याचा शिरच्छेद झाला होता. या ध्वनिमुद्रिकेस फ्रान्समधील प्रतिष्ठेचा शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार लाभला.

त्यानंतर आला २८ फेब्रुवारी १९७२ चा दिवस. ऑलिंपिया नाट्यगृहात स्तिवेलची मैफल झाली आणि ‘युरोप १’ या नभोवाणी केंद्राने ती थेट प्रक्षेपित केली. ती ऐकणाऱ्यांची संख्या सत्तर लाखांच्या घरात सांगितली जाते. रंगमंचावर हार्प व बोंबार्डबरोबर विजेवर वाजणारी गिटार आणि ढोलही होते. गिटारवर दान आर ब्राझ होता, जो पुढे स्वतःच नामवंत झाला. ‘त्री मार्तोलोद’, म्हणजे तीन खलाशी, हे जुने गीत त्या रात्री साऱ्या फ्रान्सने ऐकले. मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे पंधरा लाख प्रती खपल्या. ज्या भाषेसाठी गळ्यात लाकडी बूट अडकवला जाई, त्या भाषेतील गीतावर राजधानीतील तरुण टाळ्यांचा ठेका धरीत होते. ज्यांनी लाजेपोटी मुलांशी ब्रेटन बोलणे सोडले होते, अशा आईबापांना आपल्या घरातील शब्द नभोवाणीवरून ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

यश आले तसे आक्षेपही आले. एक आक्षेप असा, की गिटार व ढोल मिसळल्याने परंपरा भ्रष्ट झाली. दुसरा अधिक गंभीर, की ब्रिटनीत हार्पची अखंड परंपराच नाही, तर ‘पुनरुज्जीवन’ कशाचे? खेड्यातील खरी परंपरा होती ती ‘कान हा दिस्कान’ची. त्यात एक गायक ओळ गातो, दुसरा त्याचे अखेरचे शब्द उचलून ती ओळ परत गातो आणि त्या लयीवर गाव फेर धरून नाचते. दुसरा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. स्तिवेल जे वाजवीत होता ते मध्ययुगीन हार्पवादन नव्हते; गाणी, नृत्याचे ताल आणि शेजारच्या केल्टिक देशांच्या चिजा यांतून त्याने ते नव्याने रचले होते. आमच्या मते यात उणेपणा नाही. तुटलेली तार गाठ मारून पूर्वीसारखी होत नाही. नवी तार चढवूनच सूर लावावा लागतो. शिवाय या नव्या सुरामुळे जुन्यांचेही भाग्य उजळले. खेड्यात गाणाऱ्या गोआदेक भगिनी उतारवयात, सत्तरच्या दशकात, पॅरिसच्या रंगमंचावर सन्मानाने गायल्या. लोरियाँ येथे १९७१ पासून भरणारा केल्टिक देशांचा महोत्सव मोठा होत गेला. रात्रीच्या सामुदायिक नृत्यमेळ्यास, ‘फेस्ट-नोझ’ला, २०१२ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या सूचीत स्थान मिळाले.

स्तिवेल पुढेही थांबला नाही. १९७९-८० च्या सुमाराची ‘केल्टिक सिंफनी’, १९९८ च्या ‘१ दुआर’ या संग्रहात सेनेगलचा युसू न्दूर व अल्जीरियाचा खालेद यांच्यासह केलेले गायन, विजेवर वाजणाऱ्या हार्पचे प्रयोग, असा त्याचा प्रवास दिसतो. १९७२ च्या मैफलीला चाळीस वर्षे झाली तेव्हा, फेब्रुवारी २०१२ मध्ये, तो पुन्हा ऑलिंपियात गायला. २०१८ मध्ये ‘ह्युमन-केल्ट’ हा संग्रह निघाला. नोलवेन लरुआ या गायिकेच्या २०१० च्या संग्रहामुळे ‘त्री मार्तोलोद’ हे गीत त्यानंतरच्या पिढीच्याही ओठी बसले.

परंतु या उज्ज्वल बाजूबरोबर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५० च्या सुमारास ब्रेटन बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते. २०१८ च्या पाहणीत ते दोन लाखांच्या किंचित वर भरले. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही संख्या सुमारे १,०७,००० वर आली. म्हणजे ज्या अर्धशतकात ब्रेटन संगीताचा जगभर गौरव झाला, त्याच अर्धशतकात ब्रेटन बोलणारी पिढी मावळत गेली.

मग स्तिवेलचे कार्य व्यर्थ गेले काय? आम्हास तसे वाटत नाही. १९७७ मध्ये काही पालकांनी एकत्र येऊन ‘दिवान’ या शाळा सुरू केल्या. त्यांत सर्व विषय ब्रेटनमधून शिकवले जातात. ‘दिवान’ म्हणजे अंकुर. स्वतःच्या भाषेची लाज वाटणाऱ्या समाजात अशी शाळा निघत नाही. आधी लाज जावी लागते. ती घालविण्याचे काम गीतांनी केले. शासनाची वाट मात्र संथच राहिली. १९९२ मध्ये ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच’ हे वाक्य राज्यघटनेत आले. २००८ मध्ये प्रांतिक भाषा हा देशाचा वारसा असल्याचे कलम जोडले गेले. २०२१ मध्ये संसदेने अशा शाळांना अनुकूल कायदा केला, तर घटना परिषदेने त्यातील सर्व शिक्षण प्रांतिक भाषेतून देण्याची तरतूद त्याच वर्षी रद्द ठरवली.

यातून निघणारा बोध कडू असला तरी स्पष्ट आहे. गीत भाषेला मान मिळवून देते, बोलणारे मिळवून देत नाही. सभागृहात टाळ्या पडतात, महोत्सवात गर्दी होते, आपल्या वारशाचा अभिमान भाषणांतून व्यक्त होतो. आणि घरी परतताना नातवंडांशी दुसऱ्याच भाषेत बोलणे सुरू होते. अभिमान आणि वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोर्द कोशवलू यांनी लुप्त झालेले वाद्य लाकूड व तारा घेऊन नव्याने घडवले, कारण वाद्याचे सांगाडे आणि चित्रे तरी शिल्लक होती. भाषा घडविण्यास लाकूड लागत नाही. लागते ते आजीचे तोंड आणि नातवाचे कान. ही दोन्ही एका घरात आहेत तोवरच काही करता येते. दूर देशी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणासारख्यांनी ब्रिटनीच्या या आकडेवारीकडे परक्याचा हिशेब म्हणून पाहू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.